जगाचा राजकीय विचार आणि आपले अरण्य



वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकी ही व्यापारी कुटुंबातील शिक्षणाची रूढ वाट. घरातील मुलीने राज्यशास्त्रात एम. ए. करून जगाचा राजकीय विचार अभ्यासण्याची इच्छा व्यक्त केली, की पहिला प्रश्न येतो : याचा उपयोग काय? उत्तर शोधण्यासाठी लंडन-पॅरिसला जाण्याची गरज नाही. ते गडचिरोलीच्या अरण्यातही सापडते.

बल्लारपूरचा कागद दीर्घकाळ या परिसरातील बांबूपासून तयार होत आला. तो बांबू कोणाचा, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा, परंतु मुळात राजकीय तत्त्वज्ञानाचा आहे. सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन लॉक याच्या मते, निसर्गातील वस्तूत मनुष्य आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. मात्र न कसलेली भूमी त्याला पडीकच वाटली. मग पिढ्यान्‌पिढ्या मोह-तेंदू वेचणाऱ्यांचे श्रम कोठे मोजायचे? पदव्युत्तर अभ्यास म्हणजे ग्रंथकारांची नावे पाठ करणे नव्हे. ग्रंथाला असा प्रश्न विचारणे होय.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. २००९ सालीच अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती सांभाळू शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले होते.

मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. येथे १८५९ साली 'ऑन लिबर्टी' लिहिणारा जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. एकट्याचे मतही दडपू नये, कारण त्यात सत्याचा अंश असू शकतो, हे त्याचे प्रतिपादन. अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ते परके वाटणार नाही. परंतु संकोचाने कोणी गप्प राहिले, तर ती सहमती मानावी काय? हा प्रश्न ग्रामसभेइतकाच कुटुंबाला आणि न्यासाच्या सभेलाही लागू आहे. जगाचा विचार वाचणारी मुलगी तो घरात विचारील, तेव्हा तिला उद्धट न ठरविता तिचे ऐकून घेणे, ही वडीलधाऱ्यांची खरी परीक्षा होय.

गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेली चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. विद्यापीठ जवळ आले. आता मनानेही जवळ यावे. शिष्यवृत्ती देताना 'उपयोग काय' या प्रश्नासोबत 'हा विद्यार्थी कोणता प्रश्न शोधतो आहे', हेही विचारले जावे. न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त हीच सदिच्छा.