किडनी नवी, विषाणू जुने

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



किडनी बदलली की घरात पेढे वाटले जातात. वाटावेतच, डायलिसिसमधून सुटका ही काही थोडी गोष्ट नाही. पण मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल.

१९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका रुग्णाला त्याच्या जुळ्या भावाची किडनी बसवली. शरीराने ती परकी मानलीच नाही. आपल्याला असा जुळा कुठून मिळणार? म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्तीला आवरून धरावं लागतं. पण हीच शक्ती एरवी गुपचूप पहाराही देत असते. एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. पहारा ढिला पडला, की तो ज्या बी-पेशींत राहतो त्या बेसुमार वाढू लागतात आणि लिम्फोमा होऊ शकतो. हा विषाणू कधीच न झालेल्या मुलाला आई-बाबांची किडनी मिळाली तर धोका जास्त, कारण किडनीबरोबर विषाणूही येऊ शकतो.

एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या मुखाचा, हेपटायटिस बी आणि सी मुळे लिव्हरचा कॅन्सर होतो, हे आपण ऐकलेलं असतं. कापोसी सार्कोमा मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. २००५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी अशा १५ रुग्णांचं सायक्लोस्पोरिन बंद करून सिरोलिमस सुरू केलं. तीन महिन्यांत कातडीवरचे डाग गेले, किडनीही शाबूत राहिली! अर्थात हा बदल डॉक्टरांनीच करायचा. घरी जाऊन कोणी आपल्या मनाने गोळ्या कमी करू नका हं.

आपल्यापैकी पुष्कळजण हिवाळ्यात भारतात जातात. तिथे मानेत गाठ, ताप, वजन उतरलंय म्हटलं की पहिली शंका टीबीची. ती चूक नाही. किडनी बदललेल्यांना टीबीही होतो. पण लिम्फोमाची लक्षणंही अगदी हीच. गाठीचा तुकडा न तपासता औषधं सुरू केली तर महिने वाया जातात, शिवाय टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी घसरते आणि किडनी धोक्यात येते. म्हणून बायोप्सीबद्दल स्पष्ट विचारा. गोळ्यांची यादी आणि इथल्या ट्रान्सप्लांट सेंटरचा फोन पाकिटात ठेवा.

बायकांनी पॅप टेस्ट "आता या वयात कशाला" म्हणून टाळू नये. आणि जे अजून वेटिंग लिस्टवर आहेत त्यांनी हेपटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लशींबद्दल पुढच्या भेटीतच विचारावं. ऑपरेशननंतर त्या तितक्याशा लागू पडत नाहीत.