काडीकचऱ्यातील विकरे : मालकी कोणाची?



पीक घरी आल्यावर शेतात व खळ्यात जे मागे उरते, त्याला सरकारी भाषेत 'कृषी-अवशेष' म्हणतात. भाताचा पेंढा, उसाचे पाचट, कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, गिरणीतला गव्हाचा कोंडा ही त्याची रूपे. या साऱ्यांत सेल्युलोज असते, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या रेणूंची लांब साखळी. माणसाला ती पचत नाही, बुरशीला पचते. बुरशी शरीराबाहेर विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडते, त्यांच्याकरवी साखळी तोडते आणि सुटलेली साखर शोषून घेते. ही विकरे वेगळी काढून विकता येतात, हे या उद्योगाचे मर्म होय.

त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने कोजी बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून पाचक विकर मिळवले व १८९४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. साके आणि सोया सॉस करणाऱ्या जपानी कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली बुरशी अशा रीतीने औषध कंपनीच्या मालाचा पाया झाली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या नासाडीचा शोध घेताना हाती आलेल्या बुरशीला १९७७ साली एल्विन रीझ या संशोधकाच्या नावावरून 'ट्रायकोडर्मा रीझी' हे नाव मिळाले. सैन्याचे तंबू खाणारी ही बुरशी आज सेल्युलेज विकराच्या जागतिक उद्योगाचा आधार आहे. जीन्सचे कापड मऊ करण्यापासून पेंढ्याचे इथेनॉल करण्यापर्यंत तिच्या विकराचा उपयोग होतो.

ही विद्या भारताला परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७० व १९८० च्या दशकांत बुरशीजन्य सेल्युलेजवर संशोधन झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने घन माध्यमावरील किण्वनाचा पाठपुरावा केला. कोंडा ओलवायचा, वाफेने निर्जंतुक करायचा, त्यावर बुरशीचे बीजाणू पेरायचे, ट्रे उबदार व दमट खोलीत काही दिवस ठेवायचे, मग पाण्याने विकर काढून घ्यायचे, अशी ही रीत आहे. तिला पाणी थोडे लागते. बाष्पक आणि चोथा हाताशी असलेल्या सहकारी साखर कारखान्याला ती अशक्य वाटण्याचे कारण नाही.

मग अडते कोठे? हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा भातपेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा वापरून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याचे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. अशा उत्पादनाच्या खर्चात विकरांचा वाटा मोठा असतो, आणि विकरांची जागतिक बाजारपेठ मूठभर कंपन्यांच्या हाती आहे. निसर्गात सापडलेल्या बुरशीवर भारतीय कायदा पेटंट देत नाही. परंतु जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवावर ते मिळू शकते. शेतकऱ्याने पेंढा टनाच्या भावाने विकावा आणि त्याच पेंढ्याला फोडणारे विकर दुसऱ्याने मक्तेदारीच्या भावाने विकावे, हा कच्चा माल देऊन पक्का माल घेण्याचा जुनाच व्यवहार नव्हे काय?

येथे आणखी एक सावधगिरी हवी. ज्याला 'कचरा' म्हटले जाते तो सर्वांसाठी कचरा नसतो. विदर्भात पऱ्हाटी भूमिहीन मजुराच्या चुलीचे सरपण आहे. कडबा गुरांचा चारा आहे. पाचट कुजून जमिनीला सेंद्रिय द्रव्य देते. त्याला बाजारभाव आला की पहिला घाव सरपण वेचणाऱ्या स्त्रीवर पडेल. बीजाणूंची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ती मजुराच्या श्वासात जाणार नाही, अशी व्यवस्थाही पहिल्या दिवसापासून हवी.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सार्वजनिक पैशाने शोधलेले बुरशीचे वाण सार्वजनिक संग्रहात राहावेत व सहकारी संस्थांना ते माफक शुल्कात मिळावेत. विकरांचे कारखाने सहकारी क्षेत्रात निघावेत आणि ऊसतोडणी कामगार व शेतमजूर यांना त्यांत सभासदत्व असावे. साखरेच्या सहकारात जमीनधारक मालक झाला, तोडणी करणारा मात्र उचल घेणाराच राहिला. विकरांचा सहकार उभा करताना त्या चुकीची पुनरावृत्ती होऊ देता कामा नये.