आमच्या गावाचे काळोखे नक्षत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही चोर-खुन्यांची कथा सांगावयास उभे राहावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. कार्यवाहांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्हीही थोडे घुटमळलो. परंतु आपल्या घरांतील मुले हल्ली जे चित्रपट पाहतात, त्यांतूनच हा विषय सुचला. तारामंडळांपलीकडचा एखादा ग्रह असतो. तेथे वाळवंट असते, बाजार असतो, आणि त्या बाजाराच्या पोटात गुन्हेगारांचे एक स्वतंत्र राज्य असते. त्या राज्याला स्वतःची भाषा, स्वतःच्या शपथा, स्वतःचे दैवत आणि स्वतःचा न्याय असतो. मुले डोळे विस्फारून विचारतात, असे कुठे खरोखर असेल काय? आम्ही त्यांना सांगतो, बाळांनो, इतक्या दूर कशाला जाता? असे एक जग या नर्मदाकाठी होते, असे निदान साऱ्या पृथ्वीला सांगितले गेले, आणि ते सांगणारी कचेरी आपल्या जबलपुरात होती.

ते जग ठगांचे. ते किती खरे आणि किती कल्पिलेले, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम काळ आणि स्थळ ध्यानात घेऊ. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे दिले. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि 'सागर व नर्मदा प्रदेश' अशी नवी रचना केली. त्यामागची तीस-चाळीस वर्षे मध्य हिंदुस्थानाला मोठी कठीण गेली होती. फौजा मोडल्या होत्या, पगार तुंबले होते आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी गावे ओस पडली होती. हाती शस्त्र आणि पोटाला भाकर नाही, अशी माणसे हजारांनी मोकळी झाली. त्यातच मिर्झापुराहून नागपूर व दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता जबलपुरावरून जात असे. रजेवर निघालेले शिपाई, सावकारांचे हुंडेकरी व जासूद, यात्रेकरू असे सारे पायी चालत आणि सोबत मिळाली तर आनंद मानीत. ठगांचा धंदा उभा होता तो याच आनंदावर. पावसाळा सरून दसरा झाला की वाटा वाहू लागत, आणि टोळ्याही निघत.

ह्या टोळ्यांचा आचार जबलपूरच्या कर्नल विल्यम हेन्री स्लीमन याने लिहून ठेवला. त्याच्या 'रामसीआना' या १८३६ साली कलकत्त्यास छापलेल्या ग्रंथात ठगांच्या 'रामसी' बोलीचा कोशच आहे. त्या बोलीत ठगाला 'औला' म्हणत आणि जो ठग नाही असा कोणीही मनुष्य 'बीटू'. साऱ्या मानवजातीची अशी दोनच शब्दांत वाटणी! गोड बोलून वाटसरूला गोवणारा तो 'सोठा', गळ्याला रुमाल आवळणारा तो 'भुरतोट', खड्डे खणणारा तो 'लुघा', आणि जेथे हे सारे उरकावयाचे ती आधीच हेरलेली जागा म्हणजे 'बेल'. इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत. तो इशारा पुष्कळदा तंबाखू काढण्याच्या साध्या वाक्यातून दिला जाई. टोळीत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि दोघेही देवीला मानीत. डावा-उजवा शकुन पाहिल्यावाचून पाऊल टाकीत नसत. स्त्रिया, फकीर, गवई, तेली, लोहार, सुतार, महारोगी, गंगाजलाची कावड नेणारे आणि गाय सोबत असलेला वाटसरू यांना मारणे निषिद्ध होते. पुढे पकडले गेलेले ठग आपल्या ऱ्हासाचे कारण सांगताना म्हणत की आम्ही हे नियम मोडले, स्त्रियांवर हात टाकला, म्हणून देवी कोपली. पश्चात्ताप खुनाचा नव्हता, तो नियमभंगाचा होता. मनुष्याची विवेकबुद्धी किती चमत्कारिक कोनाड्यांत लपून बसते, याचा ह्याहून बोलका दाखला आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता स्लीमनविषयी. १८०९ मध्ये तो बंगालच्या फौजेत दाखल झाला. १८२२ पासून दोन वर्षे तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता, आणि आपल्या जिल्ह्यातील एकही गुन्हा आपल्यापासून लपत नाही, असा त्याचा समज होता. पुढे त्याला कळले की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी नांदत होती. १८२८ मध्ये त्याने जबलपूर जिल्ह्याची सूत्रे घेतली. त्याच वर्षी, आपल्या छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर, त्याला काही अश्मीभूत हाडे सापडली. ती एका प्रचंड सरड्यासारख्या लुप्त प्राण्याची होती आणि १८७७ मध्ये त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव मिळाले. विधिलिखित पाहा, ह्याच मनुष्याच्या नशिबी आणखी एका प्रकारची हाडे उकरणे होते. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा प्रसिद्ध जमादार हाती लागला. त्याची आई, पत्नी आणि मूल आधीच सरकारच्या ताब्यात होते. तो माफीचा साक्षीदार झाला आणि स्लीमनला घेऊन एका आमराईत आला. साहेबाचे तंबू तेथे पडले होते आणि सोबत त्याचे कुटुंबही होते. फिरंगियाने सांगितले की प्रेते ह्या तंबूंच्या भोवतीच पुरली आहेत. खणून पाहिले, तो बोलणे खरे निघाले.

तेव्हा एक गोष्ट निर्विवाद आहे. खून झाले होते. घरी परत न आलेल्या त्या वाटसरूंपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या बायका वर्षानुवर्षे कुंकू लावावे की पुसावे या शंकेत राहिल्या असतील. ठगकथेचे चवीने वर्णन करणाऱ्यांना त्यांचा सर्वांत आधी विसर पडतो, म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले.

परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ठगांविषयी आपणांस जे जे ठाऊक आहे, ते बहुतेक माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आले आहे. ज्याच्या गळ्याभोवती फास आहे आणि बोलल्याने तो सैल होणार आहे, तो मनुष्य काय बोलेल? साहेबाला ऐकावयाचे तेच बोलेल, ही शंका घेणे अप्रस्तुत नव्हे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध करण्याचीही गरज ठेवली नाही. कायदा होण्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, ठगांच्या टोळीत कधी होता एवढे ठरले की सक्तमजुरीची जन्मठेप! १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लागल्याची नोंद आहे. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण साक्षीदार म्हणून वाचले. उरलेल्यांच्या वाट्याला काळे पाणी किंवा तुरुंग आला. साक्षीदार सुटले असे मात्र समजू नये. ते आणि त्यांची मुले जबलपूरच्या उद्योगशाळेत गालिचे व तंबू विणीत राहिली. गुन्हा बापाचा आणि भिंत मुलाभोवती! आपल्या गावातील जुने लोक गुरंदी बाजाराचे नाव 'गोइंदा', म्हणजे खबऱ्या, या शब्दाशी जोडतात. आपण तेथून रोज जातो, पण त्या नावाकडे किती जणांचे लक्ष गेले असेल?

इतिहासकारांनी ह्या साऱ्याची पुन्हा छाननी केली आहे. १९६९ मध्ये स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातील अशा टोळ्यांचा संबंध तेथील लहानमोठ्या सत्तांच्या जडणघडणीशी जोडला. राधिका सिंघा यांनी त्या कायद्यांमागील राजनीती उलगडली. २००७ मध्ये किम वॅगनर यांनी मध्यम भूमिका घेतली, आणि ती आम्हांस पटते. तिचा मथितार्थ असा की ठगी ही केवळ साहेबाच्या मेंदूतील भुताटकी नव्हे, आणि देवीच्या आज्ञेने चाललेला अनादि धर्मपंथही नव्हे. ती जमीनदारांच्या आश्रयाने आणि त्यांना वाटा देऊन चालणारी लूटमार होती. तिला पोट होते, हिशेब होता, आणि त्यावर श्रद्धेचे पांघरूण होते.

गुप्त बोलीचेच उदाहरण घ्या. बोली गुप्त म्हणजे पंथ पापी, असा स्लीमनच्या वाचकांचा समज झाला. पण आपल्याकडे करपल्लवी ही कला मानली गेली. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आले आहेत, आणि शेजारी उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. रुमाल तोच, पण त्याखाली गळा आहे की हात, हे पाहावयास नको काय? प्रत्येक धंद्याची एक आतली बोली असते. तिच्यावरून मनुष्य परका ठरतो, गुन्हेगार ठरत नाही.

ग्रंथ छापला गेल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, फिलिप मेडोज टेलर याची 'एका ठगाचा कबुलीजबाब' ही इंग्रजी कादंबरी निघाली. हा टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि पुढे मराठवाड्यातील नळदुर्गास कारभार पाहत होता. त्याच्या अमीर अलीने विलायतेला वेड लावले. पाहता पाहता नर्मदेचे खोरे हे एक कल्पित लोक झाले. तेथे नद्या कमी आणि कवट्या अधिक! १९८४ मध्ये 'इंडियाना जोन्स'च्या दुसऱ्या चित्रपटात आपल्या अमरीश पुरींनी ठगांचा पुरोहित रंगविला. त्या चित्रपटाचे भारतातील म्हणून दाखविलेले बरेचसे भाग श्रीलंकेत चित्रित झाले होते. त्याची मूळ कथा जॉर्ज लुकस यांची, म्हणजे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'द्वारे परग्रहावरचे चोरबाजार पडद्यावर आणले त्याच गृहस्थांची. मुलांच्या प्रश्नाने वर्तुळ पुरे झाले ते असे. दूरचा ग्रह कल्पावयास हरकत नाही, कारण तेथे कोणी राहत नाही. परंतु जेथे माणसे राहतात तो मुलूख परग्रहासारखा रंगविला, की त्याचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागतात.

ते कोणी भोगले? ठगीच्या मोहिमेत एक कल्पना रुजली की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तिला सर्रास रूप दिले. पारधी, कैकाडी, उचले अशा कितीतरी जमाती हजेरीपटावर चढल्या. मूल जन्मले की संशयितांच्या यादीत एकाची भर पडे. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. शब्द बदलला, पण नजर बदलली असे म्हणवत नाही.

येथे मराठी भाषेचा आम्हांस अभिमान वाटतो. रामसीआनात ठग बोलतो तो साहेबाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. आमच्या भाषेत मात्र ती माणसे स्वतःहून बोलली. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाने कैकाड्याच्या गाढवामागून चालणारे बालपण सांगितले. दुसऱ्याने चोरी हे ज्यांचे एकमेव उपजीविकेचे साधन करून ठेवले होते त्यांच्या घरातील भूक सांगितली. तेथे ना देवीचा शकुन आहे ना अद्भुत रोमांच. आहे ती भाकरी आणि पोलिसाची काठी. ज्या जगाला बाहेरचे लोक 'गुन्हेगारी जग' म्हणत, ते आतून पाहिले तर एक घर होते.

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही जबलपूरचे मराठी लोक कचेऱ्या, रेल्वे, कारखाने, शाळा यांच्या निमित्ताने येथे आलो आणि येथलेच झालो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना भेडाघाटची नौका दाखवितो, आणि परतताना ठगांची गोष्ट हटकून सांगतो. आम्हीही ती पुष्कळदा सांगितली आहे, हे येथे कबूल करतो. रुमालाचा हिसका हाताने करून दाखवीत, पोरांना भिववीत सांगितली आहे. अशाच एका सांजवेळी आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई दाराशी उभ्या राहून ती ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या लोकांनाही असंच म्हणतात, दादा." त्या कोणत्या जमातीच्या, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते, आणि त्या दिवशी विचारण्याचा धीर झाला नाही. गोष्ट सांगताना आम्ही औले झालो होतो आणि दाराशी उभी असलेली बाई आमच्या लेखी बीटू होती.

तेव्हापासून ती गोष्ट आम्ही निराळी सांगतो. आधी वाटेत मेलेल्यांची सांगतो, मग भुकेची, मग कायद्याची, आणि सर्वांत शेवटी रुमालाची. पोरांना ती पूर्वीइतकी रंगतदार वाटत नाही, हे खरे. पण ती मध्येच प्रश्न विचारू लागली आहेत.

पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात आपल्या भाषेची चार माणसे एकत्र यावीत म्हणून हे मंडळ निघाले. आपली बोली बोलणारा तो आपला, ही भावना गोड आहे. परंतु न बोलणारा तो बीटू, अशी तिची दुसरी बाजू कधी होऊ नये. पुढील पन्नास वर्षांत मंडळाने एवढे सांभाळले तरी आजचा महोत्सव सार्थ झाला असे आम्ही समजू.