ताई बदलल्या का?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. दहावी, १९८६ची तुकडी)



सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू नवरा-बायकोची भांडणं मिटवतेस ना गं?" मी "हो" म्हणून टाकलं, कारण चहा गार होत होता. आता माइक हातात आहे, तर खरं सांगते. आम्ही भांडणं मिटवत नाही. मार खाल्लेली, कोंडून ठेवलेली, पैशापैशाला महाग केलेली बाई समोर येऊन बसते. ती सुरक्षित कशी राहील आणि तिला स्वतःला काय हवंय, हे तिच्याबरोबर शोधायचं, हे आमचं काम. ते करणारी माणसं कशी तयार होतात आणि का निघून जातात, याबद्दल मी बोलणार आहे.

या कामाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, याचा मला अभिमान आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसणार, पण पोलीस नसणार, अशी ती कल्पना. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. तिथे रुग्णालयातल्याच परिचारिका आणि डॉक्टरांना शिकवलं, कारण "जिन्यावरून पडले" म्हणणारी बाई आधी त्यांच्यासमोर येते. पुढे २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे. कायदा म्हणतो, अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा. पण कित्येक ठिकाणी या पदाचा 'अतिरिक्त कार्यभार' आधीच चार कामं असलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याचा राग तरी किती करणार? त्याच्या टेबलावरचा ढीग मी पाहिलाय.

आता एक प्रसंग सांगते. गावाचं नाव सांगत नाही, बाईचंही नाही.

आमच्या केंद्रात एक तरुण समुपदेशक होती. एक बाई तिच्याकडे सहा महिने येत होती. पहिल्या तीन भेटींत ती फक्त मुलाच्या शाळेबद्दल बोलली. चौथ्या भेटीत पाठ दाखवली. मग हळूहळू तयारी सुरू झाली: आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा दाखला बहिणीकडे ठेवणं, घर सोडायचंच झालं तर कोणत्या वेळी. बाई घर सोडायला निघते तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो, हे आमच्याकडचं पहिलं शिक्षण. एवढ्यात आमच्या मुलीचा अकरा महिन्यांचा करार संपला. चार महिन्यांचं मानधन थकलेलं. ती एका पतसंस्थेत लागली. घरभाडं भरायचं होतं तिला, काय करणार?

काही दिवसांनी ती बाई आली. दारातूनच तिने विचारलं, "ताई बदलल्या का?" नवीन मुलीला येऊन तीन आठवडे झाले होते. तिने प्रेमाने बसवलं, पाणी दिलं आणि कोरा फॉर्म पुढे केला. पुन्हा सगळं पहिल्यापासून! बाई पाणी पिऊन निघून गेली. नव्या मुलीला हुरहुर लागली, तिने संध्याकाळी फाइलवरच्या नंबरवर फोन केला. तो नवऱ्याने उचलला. तिने केंद्राचं नाव सांगितलं.

आठ दिवसांनी बाई आली, तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता.

मी त्या मुलीला दोष देत नाही. तिला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यात कायद्याची कलमं होती. फोन कसा करायचा हे नव्हतं. केंद्राची जबाबदारी माझी होती आणि ते शिकवणं माझ्याकडून राहिलं होतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. नवीन मुलगी सहा महिने जुन्या कार्यकर्तीच्या शेजारी बसते, एकटीने फोन करत नाही. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहितो: कधी फोन करायचा, कोणी उचलला तर काय बोलायचं. जी सोडून जाणार ती बाईची नव्या ताईशी समोरासमोर ओळख करून देते. आणि दर शुक्रवारी दुपारी दार लावून आम्ही फक्त एकमेकींचं ऐकतो. दिवसभर मारहाणीच्या हकिकती ऐकून रात्री झोप उडते, घरी चिडचिड होते, कुणाच्या नवऱ्याची धमकी आलेली असते. हे बोलायला जागा नसेल तर मुलगी वर्षभरात जाते. पगार चांगला असला तरी जाते.

पगार मात्र आमच्या हातात नाही. आपल्या राज्यात शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर काढतो, पण पुढे कायम होण्याची वाट तरी असते. माझ्याकडच्या एका मुलीने नऊ वर्षांत नऊ करार केले, मध्ये एकेक दिवसाचा खंड. नऊ वर्षं मुरलेली ती मुलगी अहवाल असा लिहायची की न्यायालयात दुसरा प्रश्न विचारावा लागत नसे. गेल्या वर्षी तीही गेली.

मागच्या रांगेतून खूण होतेय, वेळ संपली. मागायचं तेवढं मागते. आपल्यात दोन वकील आहेत, एक मानसोपचारतज्ज्ञ आहे, कोषागारातून निवृत्त झालेला एक जण आहे (तू मान खाली घालू नकोस!). वकिलांनी महिन्यातून एक शुक्रवार द्यावा. डॉक्टरने मुलींसाठी द्यावा, बायकांसाठी नव्हे. कोषागारवाल्याने मानधनाची बिलं नेमकी कुठे अडकतात तेवढं मला समजावून सांगावं. आणि मानधन थकेल त्या महिन्यांत मुलींना बिनव्याजी उचल देता येईल असा छोटा निधी आपल्या तुकडीने उभा करावा, परतफेडीचा हिशेब मी ठेवते.

वही घेऊन आलेय. जेवणाच्या पंगतीत फिरवते.