मनोवैद्याचें मौन

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, वैद्यविद्येच्या शिष्याला गुरूनें करावयाचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरांतील गोष्टी बाहेर सांगूं नयेत, अशी त्यांत आज्ञा आहे. शरीराच्या वैद्याला जें मौन शोभा देतें, तें मनोवैद्याचें तर मुख्य साधनच होय. मनाच्या व्याधीला नाडी नाहीं. रुग्ण आपण होऊन जें बोलेल, त्यावरूनच बहुतेक निदान व्हावयाचें. आपलें बोलणें चार भिंतींबाहेर जाईल अशी शंका येतांच तो तोंड मिटतो आणि उपचारहि तेथेंच थांबतो.

परंतु या मौनाला मर्यादा आहे कीं नाहीं? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत हा प्रश्न एका तरुणीच्या मृत्यूमुळें उभा राहिला. सन १९६९ मध्यें बर्कले येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यानें एका मुलीला ठार मारण्याचा आपला बेत तेथील मनोवैद्याला सांगितला. वैद्यानें विद्यापीठाच्या पोलिसांना कळविलें. पोलिसांनीं विद्यार्थ्याला थोडा वेळ अडकवून ठेवलें. पण तो भानावर दिसला, तिच्यापासून दूर राहण्याचें वचनहि त्यानें दिलें, म्हणून सोडून दिलें. मुलीला किंवा तिच्या आईबापांना मात्र कोणीं सावध केलें नाहीं. २७ ऑक्टोबर १९६९ रोजीं त्यानें तिचा जीव घेतला.

आईबापांनीं दावा लावला. तारासॉफ खटला या नांवानें तो पुढें प्रसिद्ध झाला. रुग्णापासून दुसऱ्याला हिंसेचा गंभीर धोका आहे हें मनोवैद्याला कळलें, किंवा त्याच्या व्यवसायाच्या मानानें कळावयास हवें होतें, तर त्या व्यक्तीच्या रक्षणार्थ वाजवी खबरदारी घेणें हें त्याचें कर्तव्य आहे, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं दिला. न्यायमूर्ति क्लार्क यांचें मत विरुद्ध पडलें. गुप्ततेची हमी गेली तर रुग्ण उपचाराला येणार नाहींत, आणि मग हिंसा उलट वाढेल, असें त्यांचें म्हणणें होतें. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाहीं. रागाच्या भरांत 'जीव घेईन' म्हणणारे पुष्कळ, खरोखर घेणारे थोडे. आणि त्यांतून तो थोडा ओळखावयाचा असतो.

भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमानें रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर माहिती उघड करतां येते. पण तो धोका टाळण्यास जेवढी अवश्य, तेवढीच. या 'तेवढीच' शब्दांत पुष्कळ नीति सांठविलेली आहे. संकटांत असलेल्याला सावध करावें. रुग्णाचें बालपण, त्याचा संसार, त्याची लज्जा मात्र उघड्यावर मांडूं नये. सोयरिकीची चौकशी करणारा, कचेरींतील साहेब किंवा शेजारी यांच्या कुतूहलासाठीं तर तें दार कधींच उघडावयाचें नाहीं.

ही मर्यादा रुग्णाला पहिल्याच भेटींत स्पष्ट शब्दांत सांगून ठेवणें, हें मनोवैद्याचें पहिलें कर्तव्य होय. मग पुढें कधीं बोलण्याची पाळी आलीच, तर त्या बोलण्याला विश्वासघात म्हणतां येणार नाहीं.