कलाभवन : रंग, यंत्र आणि मातृभाषा



ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवात एका तंत्रशाळेचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बडोद्याच्या इतिहासातच आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेबांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, त्यांच्याच आश्रयाखाली 1890 साली कलाभवन उघडले होते. प्रजेला ज्ञान द्यावयाचे आणि ते तिच्या भाषेत द्यावयाचे, ही दोन्ही उपक्रमांमागील दृष्टी एकच होती.

कलाभवनाची कल्पना त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. हे सुरतेचे गृहस्थ बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गज्जर म्हणजे सुतार, हे गुजरातेत राहणाऱ्यास सांगावयास नको. ज्या जातीच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या करवत आणि रंधा होता, तिच्यातील एक विद्वान रसायनशास्त्राचा अध्यापक होतो आणि त्या विद्येचे दार पुन्हा कारागिराच्या मुलासाठी उघडू पाहतो, ही घटना साधी नव्हे. गज्जरांचा आग्रह असा, की रंगाऱ्याच्या मुलाला रसायन शिकण्याआधी इंग्रजी शिकावे लागू नये. म्हणून शिक्षण देशी भाषेतून. पण त्यासाठी पुस्तके कोठे होती? परिभाषा कोठे होती? ती घडविण्याच्या खटपटीतही गज्जरांनीच पुढाकार घेतला. शाळा काढणाऱ्याला आधी कोशकार व्हावे लागते, हे आजही शास्त्रविषय मराठीतून शिकविणाऱ्यांच्या अनुभवास येतेच.

आता 'कला' या नावाकडे पाहावे. चित्रकला, रंगकाम व कापडावरील छपाई, सुतारकाम, यंत्रविद्या, वास्तुविद्या हे सारे या एका नावाखाली शिकविले जाई. आज हे नाव ऐकणाऱ्यास चित्रशाळा आठवते आणि यंत्रविद्येचे तेथे काय काम, असे वाटते. परंतु आपल्या चौसष्ट कलांच्या यादीत गायनवादनाच्या शेजारीच सुतारकाम, वास्तुविद्या आणि धातुविद्या बसलेल्या आहेत. कलाभवनाने या जुन्या शब्दाचा पूर्ण अर्थ परत आणला, इतकेच. रंग बनविणे हे रसायन, रंग लावणे ही कला. कापडावर फूल उमटविणाऱ्याला दोन्ही आल्यावाचून गत्यंतर नाही.

या शिक्षणाची कसोटी एका मराठी विद्यार्थ्याने दिली. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून बडोद्यास आले आणि 1890 साली कलाभवनात दाखल झाले. येथे त्यांनी तैलचित्रे काढली, वास्तुविद्या अभ्यासली आणि छायाचित्रणाचे प्रयोग आरंभिले. 1892 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. नाट्यगृहाची प्रतिकृती म्हणजे अर्धे स्थापत्य आणि अर्धी नाट्यदृष्टी. हा गौरव विद्यार्थ्याचा, तितकाच त्या शिक्षणपद्धतीचाही मानला पाहिजे. गज्जरांनी मग त्यांना तिरंगी ठसे बनविण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला पाठविले आणि परतल्यावर कलाभवनाची छायाचित्रणशाळा व प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणावर असा विश्वास टाकणारे गुरू त्या काळी विरळाच, आणि आजही फारसे आढळत नाहीत.

पुढे 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' झाला, हे सर्वविदित आहे. मात्र त्याआधी फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसे वाढते, याचे थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र टिपले आणि ती वाढ पडद्यावर दाखविली, याचे स्मरण थोड्यांनाच असते. ते चित्र म्हणावे की वनस्पतिशास्त्राचा पाठ? कलाभवनाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्नच पडला नसता.

गज्जरांची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला 1896 साली चापेकर बंधूंनी डांबर फासले. (तो पुतळा खंडेराव गायकवाडांच्या द्रव्यातून उभा राहिला होता, हा योगायोग मोठा विलक्षण.) दगडाला धक्का न लावता ते डाग घालविण्याचे काम शेवटी गज्जरांच्या रसायनविद्येने साधले. ज्यांनी डांबर फासले, त्यांच्या मनातील चीड खरी होती. ज्याने ते पुसले, त्याची विद्याही खरी होती.

त्याच 1896 च्या सुमारास गज्जर कलाभवन सोडून गेले. संस्था चालू राहिली, विद्यार्थी येत राहिले. पण रसायन, कला आणि भाषा यांचा एकत्र विचार करणारा माणूस निघून गेला, ही हानी पुढे भरून निघाली असे म्हणवत नाही. गज्जरांच्या शिष्यपरंपरेतील कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून 1907 साली बडोद्यात अलेंबिक उभी राहिली, हे त्या बीजाचे एक दृश्य फळ.

1949 साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रविद्याशाखा बनले. लगेच 1950 साली ललितकलांची शाखा निराळी निघाली आणि ती देशभर नावारूपास आली. दोन्ही शाखांनी आपापले क्षेत्र गाजविले, यात शंका नाही. मात्र राजमहाल मार्गावरील इमारतीत आज अभियंते शिकतात, चित्रकार पुष्पबागेत शिकतात, आणि ज्या वास्तूला अजून कलाभवन म्हणतात तिच्यात आता चित्रकलेचा वर्ग भरत नाही.