‘आपण कोण?’

(आपल्या मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, अंकासाठी थोडंसं नीटनेटकं करून)



आधीच सांगून टाकतो, या विषयावर बोलायचा मला काहीच अधिकार नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. सोमवारी क्लायंटकडे जायचं, शुक्रवारी घरी न्यू जर्सीला परत, मधले दिवस हॉटेल आणि कॉन्फरन्स कॉल. गेल्या वर्षी कार्यकारिणीनं ‘अध्यात्म आणि संगणक’ यावर बोल म्हटलं असतं, तर मी खुशीत बोललो असतो. शरीर म्हणजे हार्डवेअर, मन म्हणजे सॉफ्टवेअर, आत्मा म्हणजे वीज! टाळ्यासुद्धा मिळाल्या असत्या. आज मात्र ती उपमा मी मागे घ्यायला उभा आहे.

माझे बाबा कऱ्हाडला असतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. काही वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर झाल्याचं निदान झालं. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, मग गॅस बंद केला की नाही, मग घरचा रस्ता. फोनवर माझं चालायचंच, "बाबा, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" ते हसून वेळ मारून नेत. मी मनातल्या मनात म्हणायचो, इंडेक्स खराब झालाय, डेटा शाबूत आहे. डॉक्टरांनी तो भ्रम दूर केला. या आजारात मेंदूतल्या पेशीच मरतात, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस लवकर सापडतो, आणि गेलेलं परत येत नाही. बॅकअप नाही.

२०२३ च्या दिवाळीत मी घरी गेलो. दारातच बाबांनी हात जोडले आणि विचारलं, "आपण कोण? कुणाकडे आलात?" ज्या माणसानं मला जन्मात ‘अरे’शिवाय हाक मारली नाही, तो मला ‘आपण’ म्हणत होता. आई आतून म्हणाली, "अहो, आपला मुलगा नाही का!" बाबांनी मान डोलावली, शाळेत पालकांपुढे डोलवायचे तशी. खरं सांगतो, त्या क्षणी मला बाबांसाठी नाही, माझ्यासाठी रडू आलं.

त्या रात्री झोप लागली नाही. प्रश्न एकच होता. मला बाबा हवे होते, की बाबांच्या डोक्यातली माझी नोंद हवी होती? आणि ती नोंद पुसली गेली, तर मी कोण उरलो?

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे आईनं तेल-उटणं लावून दिलं. अंघोळ करून ओल्या केसांनी ओसरीवर येऊन बसलो. बाबा खुर्चीत होते. थोडा वेळ बघत राहिले. मग उठले, अंगावरची शाल काढली आणि माझ्या डोक्यावर टाकून केस खसाखसा पुसायला लागले. "अहो, डोकं नीट पुसावं. गार वारं सुटलंय. घरी कुणी सांगत नाही वाटतं?"

नाव नाही, नातं नाही, माझा एकही मार्क त्यांच्या लक्षात नाही. समोर त्यांच्या दृष्टीनं एक अनोळखी माणूस गारठ्यात बसलेला. आणि माया तीच!

याला गोंडस रूप द्यायचं नाही मला. त्याच दिवशी संध्याकाळी बाबा आईवर ओरडले, पैसे चोरलेस म्हणाले. दर संध्याकाळी असंच, आणि ते सगळं आई एकटी सोसते. म्हणून ‘प्रेम अमर आहे’ असं तिच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. पण ती शालही खोटी नव्हती. २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, पण मनात उठलेली भावना मात्र टिकून राहिली. यावरून आत्मा सिद्ध होत नाही, हे इंजिनिअर म्हणून मला कळतं. एवढंच कळतं, की आठवण म्हणजे आख्खा माणूस नव्हे.

परत आल्यावर निसर्गदत्त महाराजांचं ‘आय ॲम दॅट’ वाचायला घेतलं. गंमत बघा, मुंबईत खेतवाडीत राहणारे, विड्यांचं दुकान चालवणारे हे गृहस्थ. बोलले सगळं मराठीत. मॉरिस फ्रीडमन यांनी ते इंग्रजीत नेलं, १९७३ मध्ये पुस्तक आलं, आणि मी मराठी माणूस ते इंग्रजीत वाचतोय, तेही विमानात! महाराज १९८१ मध्ये घशाच्या कर्करोगानं गेले. त्यांच्या बोलण्यातला मला समजला तो भाग साधा आहे. ‘मी अमुक, तमुकचा मुलगा, अमुक कंपनीतला’ हे सगळं नंतर चिकटलेलं. त्याआधी नुसतं ‘मी आहे’ असं एक भान असतं. तिथं थांबून बघा.

माझी उपमा इथंच मोडली. प्रोग्रॅम चालतो, पण आपण चालतोय हे त्याला जाणवतं असं काही मला कधी दिसलेलं नाही. बाबांचा जवळजवळ सगळा डेटा गेलाय. तरी त्या खुर्चीत कुणीतरी आहे. त्याला गारवा कळतो, आणि दुसऱ्याला गारवा लागत असेल हेही कळतं. हे जाणणं आणि ही माया यांना वेगळं कसं करायचं, ते मला अजून जमलेलं नाही. आपले संत सांगतात ते हेच असावं, असं वाटतं. अनुभव म्हणाल तर माझ्याकडे फक्त एक शाल आहे.

मग बदललं काय? दोनच गोष्टी. फोनवर आता मी बाबांची परीक्षा घेत नाही. सरळ सांगतो, "बाबा, नमस्कार करतो." ते म्हणतात, "सुखी राहा." कुणाला म्हणतात याची चौकशी मी सोडून दिली आहे. आणि आईला आधी विचारतो, "तू जेवलीस का? झोप झाली का?" दिवसभरासाठी एक मदतनीस बाईही लावल्या. देहापलीकडचं बोलणाऱ्यानं आधी आईच्या पाठदुखीचं बघावं, नाही का?

या सभागृहात माझ्यासारखे बरेच असतील. समुद्रापलीकडे आईवडील, आणि फोन वाजला की पोटात गोळा. एक दिवस तुम्हालाही कुणी विचारेल, "आपण कोण?" तेव्हा घाईनं नाव सांगू नका. घटकाभर जवळ बसा. उत्तर कदाचित तुम्हालाही नवीन असेल.

दिवाळीच्या शुभेच्छा. आणि हो, अंघोळीनंतर डोकं नीट पुसा!